आयर्विनला किती फूट झालं की शाळेच्या पायरीला पाणी लागतं? सातवीच्या वर्गातला एक प्रकल्प, मोबाइल आणि गवंड्याची नळी घेऊन

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना "कसं काय" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. १९२९ साली कृष्णेवर बांधलेला हा आयर्विन पूल आमच्या भागाची मोजपट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. एका जुलैत वर्गातल्या एका मुलानं विचारलं, "बाई, ५७ फूट पाणी म्हणजे आपल्या गावात ५७ फूट पाणी हुतं?" दुसरा म्हणाला, "मग आमचं घर दिसलंच नसतं की." पुढची वीस मिनिटं मी काही शिकवलं नाही. मुलंच भांडत होती, फळ्यावर पूल काढत होती, आणि शेवटी प्रश्न असा उरला: आयर्विनला किती फूट झालं की आपल्या शाळेच्या पायरीला पाणी लागतं?

हा प्रश्न घेऊन केलेल्या प्रकल्पाची सगळी रीत मी इथं देते आहे. वर्गात मोबाइल, शीट, नकाशा वापरायचा आहे पण सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशा शिक्षकांसाठी. नदीकाठी नसाल तरी सांगाडा तुमच्या उपयोगाचा आहे. तुमच्यासाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी माझी एक चूक सांगते. पहिल्यांदा "महापूर" या विषयावर मी मुलांकडून स्लाइड करून घेतल्या. संगणक होता, इंटरनेट होतं, मुलं खूश होती. सगळ्या गटांनी तीच चार छायाचित्रं आणि तेच परिच्छेद आणले. ज्या मुलांच्या घरातली भांडी पुरात वाहून गेली, त्या मुलांनी इंटरनेटवरून उतरवून पुराची व्याख्या लिहिली होती. तंत्रज्ञान सगळं वापरलं गेलं होतं आणि शिकणं कुठंच झालं नव्हतं. तेव्हापासून मी एक नियम पाळते: ज्या प्रश्नाचं उत्तर शोधून तयार मिळतं, तो प्रकल्प नाही. उत्तर मिळवायला मुलांना उठून बाहेर जावं लागलं पाहिजे, आणि उत्तर ऐकायला गावात कुणीतरी थांबलेलं असलं पाहिजे.

प्रश्न निवडताना

प्रश्न मुलांच्या तोंडून यावा, पण त्याला आकार शिक्षकानं द्यावा. "पुराबद्दल माहिती मिळवा" हे काम आहे, प्रश्न नाही. "पूर का येतो?" हा चांगला प्रश्न आहे, पण सातवीच्या हाताबाहेरचा. त्यात कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण, वारणा, कऱ्हाडचा संगम, हरिपूरचा संगम, खाली कर्नाटकातलं अलमट्टी, इतकं सगळं येतं आणि मोठी माणसंसुद्धा त्यावर अजून वाद घालतात. पायरीचा प्रश्न लहान आहे, मोजता येतो, चुकलं तर चूक सापडते. आणि वाटेत हे सगळे मोठे प्रश्न आपोआप भेटतात. टीएमसी म्हणजे काय हे मुलांनी स्वतःहून विचारलं तेव्हा आम्ही गुणाकार मांडला: एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. धरणातून ११,५७४ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं. हे गणित मी पाठात घेतलं असतं तर कुणी वर बघितलं नसतं.

आधी आठवडाभर तुम्ही एकट्यानं

मुलांसमोर साधन पहिल्यांदा उघडू नका. फार काही शिकायचं नाही, तीनच गोष्टी, पण त्या घरी स्वतःच्या कामासाठी करून बघा.

एक, फोनवरचा आवाज रेकॉर्डर. घरातल्या थोरल्या माणसाची दहा मिनिटांची आठवण रेकॉर्ड करा आणि परत ऐका. पंख्याचा आवाज किती येतो, फोन किती दूर ठेवल्यावर शब्द कळतात, मध्येच कॉल आला की काय होतं, हे तुम्हालाच कळेल. (उत्तर: पंखा बंद, फोन तोंडापासून एक वीत, आणि फ्लाइट मोड चालू.)

दोन, गूगल शीट. विजेची बारा महिन्यांची बिलं भरा, बेरीज करा, उतरत्या क्रमानं लावा, स्तंभालेख काढा. यात जे अडेल तेच मुलांना अडणार आहे.

तीन, गूगलचं माय मॅप्स. हे फोनवर नीट होत नाही, संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा. पाच ठिकाणांची शीट करा, त्यात अक्षांश आणि रेखांशाचे वेगळे स्तंभ ठेवा, आणि ती शीट नकाशात आयात करा. पाच टाचण्या योग्य जागी पडल्या की तुमची तयारी झाली.

कॅनव्हा, व्हिडिओ संपादन, क्विझची ॲपं यांचा मोह आता नको. ती वाईट नाहीत. पण त्यांचं काम सजवणं आहे, आणि सजवायला अजून काही हातात आलेलं नाही.

परवानग्या, फोन, आणि गावाला काय सांगायचं

मुख्याध्यापकांशी बोला, मग शाळा व्यवस्थापन समितीत पाच मिनिटं मागून घ्या. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "अभ्यास सोडून पोरं गल्लीत का हिंडतायत?" मी त्यांना प्रकल्पातलं गणित, भूगोल, विज्ञान आणि मराठी, कुठल्या धड्याशी काय जोडलं आहे ते एका पानावर लिहून दाखवलं. ते पान वाचून नाही, तर समितीतल्या एका वयस्कर सदस्यामुळे बैठक आमच्या बाजूला आली. ते साताऱ्याला "कमवा आणि शिका" योजनेतून शिकलेले. ते एवढंच म्हणाले की आम्ही तर दगड फोडत शिकलो, ही पोरं टेप धरून शिकतायत. कर्मवीर अण्णांच्या मुलखात हाताला काम देणारं शिक्षण लोकांना पटवणं तसं अवघड नाही, पण आधी सांगायला जावं लागतं.

संमतीपत्र घ्याच. मुलांचे फोटो आणि आवाज वापरण्यासाठी, घरोघरी जाण्यासाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. तेरा वर्षांखालच्या मुलांची स्वतंत्र गूगल खाती काढण्याच्या फंदात पडू नका. सगळं काम शिक्षकाच्या खात्यावरून, शाळेच्या संगणकावर होतं.

फोन किती लागतात? पाच मुलांच्या गटाला एक. माझा एक, दोन सहकाऱ्यांचे आणि तीन पालकांचे, असे सहा फोन शनिवारी दोन तासांसाठी मिळाले. फोन धरणारा दर भेटीला बदलायचा, हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि मोडू देऊ नका. नाहीतर फोन गटातल्या सगळ्यात धीट मुलाकडे जातो आणि मुली वही धरून मागं उभ्या राहतात. माझ्या वर्गात पहिल्या शनिवारी हेच झालं होतं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक गटात चार कामं ठरवली, विचारणारा, मोजणारा, लिहिणारा आणि फोनवाला, आणि पाचवा वेळ बघून सगळ्यांना परत आणणारा. कामं घड्याळाच्या काट्यासारखी फिरत राहिली.

वेळ म्हणाल तर सहा आठवडे. शनिवारची सकाळची शाळा बाहेरच्या कामाला, आणि आठवड्यात दोन तासिका वर्गातल्या कामाला. दप्तराविना शाळेचे दिवस यात सहज बसतात.

पहिला आणि दुसरा शनिवार: ऐकणं

मुलाखतीचे प्रश्न मुलांनीच लिहावेत. पहिल्या खेपेला सगळे "तुम्हाला कसं वाटलं?" असेच असतात. मी त्यांना एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. दोन मिनिटांत कळलं की "कसं वाटलं" ला उत्तर "वाईट वाटलं" एवढंच येतं. मग प्रश्न बदलले: पाणी पहिल्यांदा कुठल्या दिवशी दिसलं? सकाळी की रात्री? दाराच्या कुठल्या भागाला लागलं? हात लावून दाखवाल का? तुम्ही घर सोडलं तेव्हा कुठल्या वाटेनं गेलात? हा "हात लावून दाखवाल का" सगळ्या प्रकल्पाचा कणा ठरला.

एक गोष्ट काळजीनं करा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, ते दुःख अजून कृष्णाकाठच्या घरांत आहे. जनावरं गेली, माणसं गेली. कुठल्या घरी जायचं हे आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन विचारून ठरवलं. मुलांना सांगितलं की समोरचं माणूस गप्प झालं तर रेकॉर्डिंग थांबवायचं, पाणी मागायचं आणि वाट बघायची. एका आज्जीपाशी मुलं अर्धा तास नुसती बसली होती. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही, आणि नसू दे.

परत आल्यावर रेकॉर्डिंगचं लिखित रूप करायचं असतं. गूगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे. एक मूल इयरफोननं ऐकतं आणि वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणतं, ते टाइप होतं. पण हे साधन आपली बोली प्रमाण भाषेकडे ओढतं. आज्जी म्हणाली, "कवा आलं ते कळलंच न्हाई," आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. मुलांनी ते बोलीतच दुरुस्त केलं. कोणता शब्द कसा लिहायचा यावर जी चर्चा झाली ती व्याकरणाच्या कुठल्याही तासाला झाली नव्हती. संपूर्ण रेकॉर्डिंग लिहू नका; दिवस, वेळ, जागा आणि उंची ज्या वाक्यांत आहे तेवढीच.

दिवस कळला की पुढची कडी जोडता येते. आमच्या भागातली दैनिकं पुराच्या काळात आयर्विनची पातळी रोज छापतात. वाचनालयात जुने अंक होते. मुलांनी तारीखवार पातळी उतरवून घेतली. "नागपंचमीच्या आदल्या राती पाणी मारुतीच्या पारावर आलं" असं कुणी सांगितलं की कॅलेंडर काढायचं, तारीख शोधायची, त्या तारखेची पातळी शेजारी लिहायची. लोक पूर सणांनी आणि जनावरांच्या विण्यानं लक्षात ठेवतात. ती आठवण तारखेत बदलणं हेच इतिहासाचं खरं काम आहे, आणि सातवीची मुलं ते करू शकतात.

मोजणी: इथं फोन उपयोगाचा नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगते.

मुलांची पहिली कल्पना अशी होती की प्रत्येक घरापाशी फोनवर उंची बघायची. ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतात, खरंच. मी अडवलं नाही. एकाच पायरीवर तीन फोन ठेवले. तिघांनी तीन वेगळे आकडे दाखवले, कित्येक मीटरचा फरक. तोच फोन दहा मिनिटांनी परत बघितला तर त्याचाही आकडा बदललेला. उपग्रहावरून जागा बरी कळते, मोकळ्यावर साधारण पाच मीटरच्या आत. उंची त्याहून बरीच ढिली असते. आपल्याला तर हातभर उंचीचा फरक मोजायचा होता. यंत्रानं दिलेला आकडा किती खरा, हे विचारायची सवय त्या दिवशी लागली, आणि प्रकल्पातून दुसरं काही मिळालं नसतं तरी मला चाललं असतं.

मग उंची मोजायची कशी? एका मुलीचे वडील गवंडी. ते म्हणाले, "आमी नळीनं काढतो की लेवल." प्लास्टिकची पारदर्शक नळी, पंधरा मीटर लांब, आत पाणी. दोन टोकं कुठंही धरा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत येऊन थांबतं. ते गवंडीमामा शनिवारी शाळेत आले आणि तो तास त्यांनी घेतला. मी मागच्या बाकावर बसले.

रीत अशी. नळीत पाणी भरताना एक टोक बादलीत ठेवून दुसऱ्यानं ओढून घ्यायचं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. एकही बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते. पाण्यात चिमूटभर नीळ घातली की रेघ उन्हात दिसते. आमचं शून्य म्हणजे शाळेची खालची पायरी. तिथं उभी मोजपट्टी धरून पहिलं मूल नळीतल्या पाण्याची उंची वाचतं, पंधरा मीटर पुढं दुसरं मूल आपल्या पट्टीवर वाचतं. पहिल्या वाचनातून दुसरं वजा केलं की पुढची जमीन किती वर किंवा खाली ते कळतं. उत्तर ऋण आलं तर जमीन खाली. पूर्णांक संख्या पुस्तकात शिकलेल्या मुलांना गल्लीत उणे ४२ सेंटिमीटर भेटले. मग नळी पुढं न्यायची, शेवटचा बिंदू हाच नवा आरंभ.

अशी तुकड्यातुकड्यानं पातळी नेत गेलं की चूकही साठत जाते. म्हणून गवंडीमामांनी एक युक्ती शिकवली: गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेनं मोजत परत पायरीवर यायचं. बेरीज शून्य यायला हवी. पहिल्या दिवशी आमची ३१ सेंटिमीटर आली. मुलं हिरमुसली. सगळी फेरी परत केली तेव्हा सापडलं, एका ठिकाणी आकडा उलटा वजा झाला होता. तिसऱ्या फेरीला चूक ३ सेंटिमीटरवर आली आणि ती आम्ही मान्य केली.

मग प्रत्येक घरापाशी, जमिनीपासून पुराच्या खुणेपर्यंत टेपनं मोजायचं. भिंतीवर गाळाची रेघ अजून असते, कुठं रंग फुगलेला असतो, कुठं फक्त घरच्यांचा हात असतो. खूण दिसते की आठवणीतली आहे, हे नोंदवायलाच हवं. पुढं उपयोग पडतो.

फोनचं काम इथं दोनच. खुणेचा फोटो, टेप लावलेला, माणसांचे चेहरे वगळून. आणि अक्षांश-रेखांश: घराबाहेर मोकळ्यावर मिनिटभर थांबायचं, गूगल मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरायचं, वर आकडे येतात. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवले की ते दबतात आणि त्यांतली जागेची माहितीही जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण पहिली नोंद कागदी वहीत, पेननं. फोनची बॅटरी संपते, वही संपत नाही.

शीट: आकडे बोलायला लागतात

शीटचे स्तंभ आमचे असे होते: क्रमांक, गल्ली, पुराचं वर्ष, जमिनीची उंची पायरीपासून, खुणेची उंची जमिनीपासून, दोन्हींची बेरीज, खूण दिसते की आठवण, अक्षांश, रेखांश, फोटोचा क्रमांक. घरमालकाचं नाव शीटमध्ये नाही. ते वहीत आहे आणि वही शाळेच्या कपाटात.

दोन अडचणी नक्की येतील. मराठी कीबोर्डनं मुलं देवनागरी आकडे भरतात. शीट त्यांना शब्द समजते आणि बेरीज होत नाही. आकड्यांचे स्तंभ इंग्रजी अंकांतच भरा. आणि "५ फूट ३ इंच" असं एका चौकटीत लिहिलं तरी तेच होतं, म्हणून मोजणी पहिल्यापासून सेंटिमीटरमध्येच करा. कुणाच्या हातून सगळं पुसलं गेलं तर घाबरू नका, फाइल मेनूतल्या आवृत्ती इतिहासातून कालची शीट परत आणता येते. हे मुलांना मुद्दाम करून दाखवा. चूक दुरुस्त होते हे कळल्यावर हात मोकळा होतो.

आता बेरजेचा स्तंभ बघा. पाणी सपाट असतं. म्हणजे एकाच पुराच्या, एकाच गावातल्या सगळ्या खुणांची बेरीज जवळपास सारखी यायला हवी, घर उंचावर असो की खोलात. हे मी सांगितलं नाही. २०१९ च्या ओळी वेगळ्या काढून चढत्या क्रमानं लावायला सांगितल्या आणि विचारलं, काय दिसतंय? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, सगळी सारखीच हायत, ह्यो एक सोडून." तो एक आकडा बाकीच्यांपेक्षा ७० सेंटिमीटर वर होता. मुलं त्या घरी परत गेली. तिथल्या तात्यांनी दाखवलेली खूण २०१९ ची नसून शेजारच्या टाकीच्या गळतीची होती. दुसऱ्या घराचा आकडा कमी होता, कारण नंतर घरापुढं मुरूम टाकून जमीन उंच केली होती; खूण त्या उंच जमिनीपासून मोजली होती आणि नळीची पातळी मात्र खालच्या जमिनीची घेतली होती.

ज्या खुणा "आठवण" म्हणून नोंदवल्या होत्या, त्या जास्त पसरलेल्या निघाल्या. त्यांतली कुणाचीही आठवण खोटी म्हणायची नाही, हे आम्ही ठरवलं. फक्त उत्तर काढताना दिसणाऱ्या खुणा धरल्या आणि मधला आकडा घेतला.

मग गणित. समजा, २०१९ ची पातळी पायरीच्या २१० सेंटिमीटर वर आली. फुटांत ६.९. त्या वेळी आयर्विनला गणितापुरते ५७ धरले, तर पायरीला पाणी लागताना आयर्विनला साधारण ५०.१ फूट असायला हवं. (हे आकडे रीत समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही काढा.) इथं थांबायचं नाही. हेच उत्तर २०२१ वर लावून बघा: त्या वर्षी ५४ धरले तर पाणी पायरीच्या ३.९ फूट, म्हणजे सुमारे ११९ सेंटिमीटर वर असायला हवं होतं. २०२१ च्या खुणा तसं सांगतात का? आमच्या बऱ्यापैकी जुळल्या, तंतोतंत नाही. का नाही, यावर दोन तासिका गेल्या. पूल खाली आहे आणि आपण वर, नदीला उतार असतो, प्रत्येक पुरात तो उतार सारखा नसतो, वारणेचं पाणी खाली हरिपूरला मिळतं आणि ते किती आहे यावरही आपल्याकडची पातळी हलते. पहिल्या दिवशीचा ५७ फुटांचा प्रश्नही इथंच सुटला: तो आकडा पुलाच्या पट्टीच्या शून्यापासूनचा आहे, गल्लीतल्या जमिनीपासूनचा नाही.

एआयवर चालणारी चॅट साधनं मुलांना घरातल्या मोठ्यांच्या फोनवर दिसतातच. मी ती शेवटी, स्वतःच्या फोनवर, सगळ्यांसमोर उघडली आणि आमचाच प्रश्न विचारला. असं साधन आपल्या गल्लीत कधी आलेलं नसतं, तरी ठामपणे उत्तर देऊ शकतं. मुलांच्या हातात स्वतः मोजलेली शीट असताना हे दाखवलं की त्यांना आपोआप समजतं; आधी दाखवलं असतं तर त्यांनी ते उत्तर उतरवून घेतलं असतं.

नकाशा आणि गावापुढं मांडणी

नकाशाचं काम आता एका तासिकेचं आहे. शीटची एक प्रत काढा, फोटो क्रमांकाचा स्तंभ काढून टाका, माय मॅप्समध्ये आयात करा, आणि टाचण्यांना "गल्ली" नव्हे तर आयर्विनला किती फूट झालं की तिथं पाणी पोचतं त्याप्रमाणे रंग द्या. शेअर करताना "लिंक असलेला कुणीही" हा पर्याय निवडण्याआधी विचार करा. आम्ही घरांच्या टाचण्या दाखवणारा नकाशा खुला केला नाही, गल्लीवार सरासरीचा वेगळा केला आणि तोच छापून ग्रामपंचायतीत लावला.

मांडणीला ग्रामपंचायतीचे सदस्य, पालक, गवंडीमामा आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती सगळी माणसं होती. मुलांनी आपल्या चुका आधी सांगितल्या: ३१ सेंटिमीटरची फेरी, टाकीची खूण. आणि एक वाक्य मी त्यांना पक्कं करायला लावलं होतं: हा आमचा अंदाज आहे, घर सोडायचा निर्णय पाटबंधारे विभाग आणि तहसीलच्या सूचनेवरूनच घ्यायचा. निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय, अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या रेषा, हे एका मुलीनं समजावलं, तेव्हा मागून कुणीतरी तिला दोनदा परत सांगायला लावलं. त्यातून पुढं घरबांधणीवर जी चर्चा सुरू झाली ती मुलांची राहिली नाही, मोठ्यांची झाली.

गुण आणि नोंदी

आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्प आहेच, पण याच सहा आठवड्यांतून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि दैनंदिन निरीक्षणाच्याही नोंदी निघतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. मी चारच गोष्टी बघते: प्रश्न नेमका विचारला का, पुरावा दिला का, चूक सापडल्यावर परत गेला का, गटात दुसऱ्याला काम करू दिलं का. सजावटीला गुण नाहीत. नोंद "चांगला सहभाग" अशी लिहू नका. "फेरीची बेरीज जुळली नाही तेव्हा स्वतःहून वही तपासून उलटी वजाबाकी शोधली," अशी लिहा. रोज घरी जाण्याआधी तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहिली की महिन्याभरात वर्ग पूर्ण होतो. मुलांनाही आठवड्याला एक ओळ लिहू द्या: या आठवड्यात मला काय वाटत होतं ते चुकीचं निघालं?

नदी नसेल तर

जत, आटपाडी, माण, खटावच्या शिक्षकांनी नळीऐवजी दोर घ्यावा. दर पंधरवड्याला त्याच चार विहिरींत दगड बांधलेला दोर सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजा (मोजणारं मोठं माणूस, मुलं नोंद करतील, काठापासून दूर), शेजारी पावसाची नोंद ठेवा आणि विचारा: पाऊस पडल्यावर किती दिवसांनी विहीर वर येते? तासगावात बेदाणा वाळायला किती दिवस लागतात आणि ढगाळ दिवसांनी किती वाढतात, हाही सुंदर प्रश्न आहे. कासच्या आसपासच्या शाळांना तर फुलं कुठल्या आठवड्यात उमलतात याची वही पुरेल. साधनं तीच: कान, टेप, वही, शीट, नकाशा. त्या त्या प्रश्नासाठी फोन कुठं उपयोगाचा आणि कुठं नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या.

पुढच्या वर्गासाठी

प्रकल्प संपला की फाइलींची आवराआवर मुलांकडूनच करून घ्या. एक फोल्डर, त्याला गावाचं नाव आणि वर्ष. आत शीट, क्रमांक घातलेले फोटो, संमती असलेली रेकॉर्डिंगं आणि "आम्ही कसं मोजलं" हे एक पान. त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर मुख्याध्यापकांच्या कपाटात. नळीतलं पाणी काढून ती गुंडाळून सावलीत टांगा, उन्हात ती पिवळी पडते.

शाळेच्या पायरीवर आम्ही ऑइल पेंटनं एक लहान आडवी रेघ ओढली आहे, बाजूला शून्य लिहिलं आहे. नवी सातवी आली की पहिल्याच शनिवारी ती मुलं तिथून नळी धरतात आणि मागच्या वर्गाची फेरी किती सेंटिमीटरनं जुळते ते तपासतात.